खरे सांगण्याची किंमत

संवादकौशल्य शिकवणाऱ्या वर्गांना आज तोटा नाही. कॅम्पस मुलाखतीला जाणारी मुले, नुकतेच नोकरीला लागलेले इंजिनिअर, बँकेतले नवे अधिकारी, सगळ्यांना तिथे ताठ कसे बसावे, डोळ्याला डोळा कसा द्यावा, आवाज कुठे चढवावा आणि कुठे उतरवावा हे शिकवले जाते. केव्हा तरी एक आकडेवारीही फळ्यावर येते : संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५. अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ मधल्या दोन अभ्यासांतून ही आकडेवारी निघाली. त्या प्रयोगांत माणसे एकमेकांशी बोलतच नव्हती. सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून आणि चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून, बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याविषयी आवड आहे की नावड, एवढेच ओळखायला सांगितले होते. शब्द एक सांगत असेल आणि सूर दुसरेच, तर भावना ओळखताना आपण कशावर विसंबतो, इतकाच त्या निष्कर्षाचा आवाका आहे आणि मेहराबियनने स्वतःच तो स्पष्ट केलेला आहे. औषधाचा डोस, पुलाच्या दुरुस्तीचा खर्च किंवा मुलीची फी याविषयीच्या बोलण्यात शब्दांना सातच टक्के मोल असते, हे क्षणभर विचार केला तरी टिकत नाही. तरीही हा आकडा पन्नास वर्षांहून अधिक काळ तग धरून आहे. मला वाटते, याचे कारण तो एका सोयीच्या समजुतीला आधार देतो : संवाद फसला तर त्यात बोलणाऱ्याची काहीतरी चूक असणार, आणि म्हणून बोलणाऱ्याला शिकवले की काम झाले.

ही समजूत मला घातक वाटते. मोठमोठ्या अपघातांच्या चौकशा, दवाखान्यांतले अभ्यास आणि घरातल्या रोजच्या बोलण्यावर झालेले प्रयोग एकत्र ठेवले, तर वेगळेच चित्र दिसते. महत्त्वाची गोष्ट कुणाला तरी माहीत असते. बहुतेक वेळा ती सांगण्याइतकी भाषाही त्याच्याकडे असते. पण सांगण्याची किंमत मोजावी लागते : साहेबांची खप्पामर्जी, चारचौघांत झालेला पाणउतारा, घरातला अबोला, बढतीच्या वेळी निघणारी जुनी उणीदुणी. माणूस मनातल्या मनात हिशेब करतो आणि शब्द गिळतो, किंवा आडून आडून सुचवून मोकळा होतो. ही किंमत ठरवणारा माणूस बोलणारा नसतो, ऐकणारा असतो. म्हणून संवाद सुधारायचा असेल तर ज्याच्या हातात अधिकार जास्त, त्याच्यावर जबाबदारीही जास्त, असे माझे म्हणणे आहे. ऑफिसात हा अधिकार पदाने येतो. घरात तो वयाने, पैशाने, पुरुष असण्याने किंवा नुसत्या चढ्या आवाजानेही येतो.

या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा विमानांच्या कॉकपिटमध्ये सापडतो. तिथे माणसे काय बोलली याची ध्वनिफीत उरते. कुणाच्या आठवणीवर अवलंबून राहावे लागत नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानांची धावपट्टीवर टक्कर झाली आणि ५८३ माणसे गेली. त्यांपैकी केएलएमच्या विमानाचा कॅप्टन हा त्या कंपनीच्या जम्बो वैमानिकांना प्रशिक्षण देणारा प्रमुख होता. कंपनीच्या जाहिरातीत त्याचा चेहरा होता. धावपट्टीच्या टोकाला आल्यावर त्याने इंजिनांचा जोर वाढवायला घेतला, तेव्हा सहवैमानिकाने, अजून परवानगी मिळालेली नाही, असे सांगून त्याला थांबवले. माहीत आहे, विचार परवानगी, असे उत्तर आले. जरा वेळाने कॅप्टनने पुन्हा विमान सोडले. टॉवरने उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला होता, उड्डाणाची परवानगी दिलेली नव्हती. या वेळी सहवैमानिकाने त्याला अडवले नाही. दोन मिनिटेही झाली नव्हती तोवर आपल्या गुरुस्थानी असलेल्या माणसाला दुसऱ्यांदा टोकणे त्याला जड गेले असावे, असे या अपघाताचा अभ्यास करणाऱ्या अनेकांनी मांडले आहे. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने मात्र समोरचे विमान अजून धावपट्टीवरच असल्याची शंका प्रश्नाच्या रूपात विचारली. कॅप्टनने ठासून सांगितले की धावपट्टी मोकळी आहे. इंजिनिअर गप्प झाला. त्या कॉकपिटमध्ये सत्य उच्चारले गेले होते, पण त्याला आत घ्यायला कुणी तयार नव्हते.

यावर कुणी म्हणेल की इंजिनिअरने प्रश्न विचारण्याऐवजी स्पष्ट सांगायला हवे होते. ठीक आहे. मग २२ मे २०१० ची मंगळूरची दुर्घटना पाहा. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ विमान डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर फार उंचावरून आणि वेगात उतरू लागले. कॅप्टन प्रवासाचा बराच वेळ झोपलेला होता. ध्वनिफितीवर त्याचे घोरणे ऐकू येते. उतरण्याचा अंदाज चुकतो आहे हे सहवैमानिकाने ओळखले आणि विमान पुन्हा वर घ्या, असे एकदा नव्हे, तीन वेळा सांगितले. इशारा देणारे यंत्रही ओरडत होते. कॅप्टनने विमान खाली आणलेच. ते धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी न्यायालयाने अपघाताचे थेट कारण नोंदवताना हे तीन इशारे आणि ते डावलून उतरत राहण्याचा कॅप्टनचा हट्ट यांचा स्पष्ट उल्लेख केला. इथे भाषेत काय कमी होते? शब्द ठरलेले होते, दोघांना माहीत असलेले होते, वेळेवर उच्चारले गेले होते. संवादकौशल्याच्या कुठल्याही वर्गाने त्या सहवैमानिकाला पूर्ण गुण दिले असते.

माझ्या मताविरुद्धचा सर्वांत वजनदार युक्तिवाद चॅलेंजर यानाच्या अपघातावरून केला जातो, म्हणून त्याकडे नीट पाहायला हवे. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत हे यान फुटले आणि सातही अंतराळवीर गेले. कडाक्याच्या थंडीने रॉकेटच्या सांध्यांतली रबरी कडी ताठरली, तिने सांधा वेळेत बंद केला नाही आणि तप्त वायू बाहेर पडले. आदल्या रात्री ही रॉकेट बनवणाऱ्या थायोकॉल कंपनीच्या इंजिनिअरांनी फोनवरच्या बैठकीत नासाला सांगितले होते की ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नका. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी पुढे असे दाखवले की इंजिनिअरांनी त्या रात्री पाठवलेले तक्ते विस्कळीत होते; तापमान आणि कड्यांचे नुकसान यांचा एकच साधा आलेख काढला असता तर धोका डोळ्यांत भरला असता. म्हणजे पुन्हा दोष बोलणाऱ्यांचा. तक्त्यांवरची ही टीका अगदीच निराधार नाही. पण त्या रात्रीचा क्रम पाहिला की ती अपुरी पडते. इंजिनिअरांचे म्हणणे नासाच्या अधिकाऱ्यांना उत्तम समजले होते. समजले म्हणूनच ते चिडले; आता काय एप्रिलपर्यंत थांबायचे का, असा सवाल एका अधिकाऱ्याने केला. मग थायोकॉलच्या मंडळींनी पाच मिनिटे मागून घेतली, ती अर्ध्या तासावर गेली. त्या वेळात कंपनीच्या एका वरिष्ठाने इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगितले की आता इंजिनिअरची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. चार व्यवस्थापकांनी कौल दिला. जे इंजिनिअर त्याच खोलीत बसून विरोध करत होते त्यांचे मत विचारलेच गेले नाही. फोन पुन्हा जोडला गेला तेव्हा शिफारस बदललेली होती.

त्या इंजिनिअरांपैकी रॉजर बॉइजोली यांनी सहा महिने आधी, जुलै १९८५ मध्ये, वरिष्ठांना लेखी कळवले होते की या सांध्याकडे दुर्लक्ष झाले तर मनुष्यहानीसह मोठा अनर्थ होईल. याहून स्पष्ट मराठीत, इंग्रजीत किंवा आलेखात काय लिहायचे? मला त्या रात्रीची आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. एरवी नासात यान सुरक्षित आहे हे सिद्ध करावे लागे. त्या रात्री इंजिनिअरांना ते असुरक्षित आहे हे सिद्ध करायला लावले गेले. खरे सांगणाऱ्यावर पुराव्याचा असा बोजा टाकणे हा त्याला गप्प करण्याचा सभ्य मार्ग आहे. कारखान्याच्या मीटिंगमध्ये ‘तुझ्याकडे डेटा आहे का?’ असा प्रश्न येतो, स्वयंपाकघरात ‘मी कधी असं म्हणालो, एक उदाहरण सांग’ असा येतो. दोन्ही प्रश्न वरकरणी रास्त असतात. पण जिथे अडचण सांगणाऱ्याकडे पुरावा मागतात आणि ‘सगळे ठीक आहे’ म्हणणाऱ्याकडे कधीच मागत नाहीत, तिथे शहाणी माणसे लवकरच दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहतात.

बोलणाऱ्याची जबाबदारी शून्य आहे असे मी म्हणत नाही. जानेवारी १९९० मध्ये कोलंबियाच्या आविआंका कंपनीचे विमान न्यूयॉर्कला उतरण्याच्या प्रतीक्षेत तासाहून अधिक वेळ घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपून पडले. ७३ जण गेले. इंधन संपत आल्याचे वैमानिकांनी नियंत्रकांना सांगितले, पण आणीबाणी जाहीर करण्याचा ठरलेला शब्द वापरला नाही. कामाच्या ओघात असलेल्या नियंत्रकाला, इंधन कमी आहे, हे वाक्य रोजचे वाटले. इथे नेमका शब्द वापरला असता तर माणसे वाचली असती, हे मान्य केलेच पाहिजे. जिथे दोघे अनोळखी आहेत, एकमेकांचा चेहरा दिसत नाही आणि वेळ थोडा आहे, तिथे ठरलेले शब्द, घोटून घेतलेली वाक्ये आणि सांगितलेले परत म्हणून दाखवण्याची सक्ती यांना पर्याय नाही. तेनेरिफेनंतर जगभरच्या विमानतळांवर उड्डाण हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असा दंडक पडला. तरी एक प्रश्न उरतो. मदत मागायला आलेला माणूस मदत मागतानाही इतका का बिचकतो? तो बिचकतो, कारण आणीबाणी म्हटल्यावर पुढे खुलासे द्यावे लागतील, आपल्यामुळे सगळ्यांची रांग मोडेल, असे त्याच्या मनात आधीच घोळत असते. मिळमिळीत बोलणे हा स्वभावाचा दोष म्हणून पाहण्यापेक्षा आधी मोजलेल्या किमतींचा साठा म्हणून पाहिले, तर ते जास्त चांगले समजते.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा आहे, आणि आपल्याकडे तो फार प्रेमाने घेतला जातो. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, लहान तोंडी मोठा घास घेऊ नये, हे आपल्या हाडीमाशी खिळले आहे. पाश्चात्त्यांचे मोकळे बोलणे आपल्याला कसे जमणार, असा तो सूर. पण तेनेरिफेचा कॅप्टन आणि त्याचे सहकारी डच होते, आणि डच लोक तोंडावर बोलण्यासाठी प्रसिद्ध आहेत. १९७८ च्या डिसेंबरमध्ये पोर्टलंडजवळ युनायटेड कंपनीचे विमान चाकांच्या बिघाडावर विचार करता करता इंधन संपून पडले, तेव्हा कॅप्टनला इंधनाची आठवण दबक्या आवाजात करून देणारे सहकारी अमेरिकन होते. अधिकाराचा उतार तीव्र झाला की डच, अमेरिकन, मराठी सगळेच शब्द गिळतात. आणि उलट बाजूने पाहिले तर आदर आणि स्पष्टपणा यांचे वैर आहे असेही दिसत नाही. ‘अहो बाबा, हा डॉक्टर बदलायला हवा’ या वाक्यात आदरही आहे आणि विरोधही. ‘साहेब, या तारखेला माल निघणार नाही’ असे म्हणणारा फोरमन साहेब म्हणायचे विसरत नाही. विरोधाचे वाक्य उच्चारल्यावर पुढचे दोन दिवस काय वाट्याला येते, यावर सगळे ठरते. ते बदलणे बाबांच्या आणि साहेबांच्या हाती आहे, आणि त्यासाठी त्यांना कोणतीही परंपरा मोडावी लागत नाही.

पोर्टलंडच्या अपघातानंतर विमान कंपन्यांनी काय केले हे म्हणूनच लक्षात घेण्यासारखे आहे. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा भरवली आणि १९८१ मध्ये युनायटेडने नव्या पद्धतीचे प्रशिक्षण सुरू केले. कनिष्ठांना ठामपणे बोलायला शिकवले गेले, पण कॅप्टनांनाही विचारायला, ऐकायला आणि विरोधाबद्दल राग न धरायला शिकवले गेले. जुन्या कॅप्टनांनी कुरकुर केली. कॉकपिटमध्ये आता बहुमताने विमान चालवायचे का, असा त्यांचा रोख होता. याचे उत्तर १९ जुलै १९८९ रोजी आयोवातल्या सू सिटी इथे मिळाले. युनायटेडच्याच एका विमानाचे मधले इंजिन हवेत फुटले आणि सुकाणू हलवणाऱ्या तिन्ही द्रवप्रणाली निकामी झाल्या. अशा बिघाडाला पुस्तकात उपायच नव्हता. कॅप्टन अल हेन्स यांनी सगळ्यांची मते घेतली, प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला आत बोलावून इंजिनांचा जोर कमीजास्त करण्याचे काम दिले आणि नुसत्या इंजिनांच्या आधारे विमान धावपट्टीपर्यंत आणले. ते कोसळलेच, ११२ जण गेले. पण २९६ पैकी १८४ जण वाचले. श्रेय त्या प्रशिक्षणाला जाते, असे हेन्स पुढे आयुष्यभर सांगत राहिले. निर्णय शेवटपर्यंत त्यांचाच होता. ऐकून घेणे आणि आज्ञा पाळण्याच्या अर्थाने ऐकणे, या दोन गोष्टी आपण फार सहज एक करतो. वरिष्ठांना ऐकण्याची जी भीती वाटते ती बरीचशी या गल्लतीतून येते.

वेळेची सबब मात्र सगळ्यांकडे असते. इतके ऐकत बसलो तर काम कधी करायचे? याला दवाखान्यातून आलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर आणि रुग्ण यांच्या ७४ भेटींच्या ध्वनिफिती तपासल्या. रुग्णाने आपली तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलत होते. आपले म्हणणे पूर्ण करू शकलेले रुग्ण चारात एकही नव्हते. डॉक्टरांची बाजू अशी की बोलू दिले तर रुग्ण थांबणारच नाही. मग २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या एका बाह्यरुग्ण विभागात उलटा प्रयोग झाला. डॉक्टरांना सांगितले की रुग्ण स्वतःहून थांबेपर्यंत काही बोलू नका, आणि गुपचूप वेळ मोजली गेली. ३३५ रुग्णांचा सरासरी वेळ निघाला ९२ सेकंद. दर पाचातले जवळजवळ चार रुग्ण दोन मिनिटांच्या आत थांबले. पाच मिनिटांहून जास्त बोलणारे अवघे सात होते आणि त्यांच्याही बाबतीत डॉक्टरांनी नोंदवले की ते महत्त्वाचेच सांगत होते. आपल्या सरकारी रुग्णालयातल्या रांगेत बाझेलचा निवांतपणा नसतो, हे खरे. पण दीड मिनिट म्हणजे काही अशक्य कोटीतली मागणी नाही. माणसे अखंड बोलत राहतात ती बहुधा आधी ऐकले गेले नाही म्हणून. तीच तक्रार दहाव्यांदा करणाऱ्या बायकोला किंवा कारकुनाला कटकटे ठरवण्यापूर्वी पहिल्यांदा काय झाले होते ते आठवून पाहावे.

ऑफिसातली रोजची मीटिंग या नजरेने पाहिली तर बरेच काही उघड होते. योजना सांगून झाल्यावर साहेब विचारतात, ‘कुणाला काही शंका?’ सगळे वहीत बघतात. दोन सेकंद जातात. ‘मग ठरलं तर.’ खुर्च्या सरकतात, आणि पुढच्या पाच मिनिटांत चहाच्या टपरीवर खरी मीटिंग सुरू होते : ही तारीख कशी गाठणार, व्हेंडरने अजून मालच दिलेला नाही, साहेबांना हे सांगणार कोण? खोलीतल्या प्रत्येकाला अडचण माहीत होती. पण ‘शंका’ विचारताना ती ज्याला असेल त्याने हात वर करून एकट्याने उभे राहायचे असते. हेच साहेब जर म्हणाले, ‘ही योजना फसली तर कशाने फसेल, प्रत्येकाने एकेक कारण सांगा, सुरुवात सर्वांत नवीन माणसापासून’, तर अडचण सांगणे हे नेमून दिलेले काम होते. न सांगणाराच उठून दिसतो. शब्द तेवढेच लागतात, वेळ दहा मिनिटे जास्त. टोयोटाच्या कारखान्यांत हेच तत्त्व दोरीच्या रूपात टांगले गेले. जुळणी करणाऱ्या कामगाराला दोष दिसला की त्याने दोरी ओढायची. टीम लीडर धावत येतो, आणि ठरावीक जागेपर्यंत दोष दूर झाला नाही तर अख्खी लाइन थांबते. दोरी ओढणे हे कामगाराचे काम मानले जाते, म्हणून ती ओढणाऱ्याला धीटपणा लागत नाही. दोरी आपल्याकडच्या कारखान्यांतही बसवता येते. लाइन का थांबवलीस म्हणून सुपरवायझर खेकसला की दुसऱ्या दिवसापासून ती नुसती लोंबकळत राहते.

यातून एक विपरीत वाटणारी गोष्ट निघते. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयातल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या नेतृत्वाच्या, एकमेकांशी जुळलेल्या गटांत औषधांच्या चुका कमी सापडतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले : चांगल्या गटांत चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला. चुका तिथे जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. ज्या वॉर्डात परिचारिकांना बोलणी बसत, तिथे चुका दडवल्या जात आणि कागदावर सगळे स्वच्छ दिसे. माझ्या खात्यात कधी तक्रार येत नाही, आमच्या घरात कधी वाद होत नाहीत, हे आपण अभिमानाने सांगतो. तक्रार नसणे हे कधी कधी समाधानाचे लक्षण असते. पण त्याआधी तपासायला हवे की तक्रार केलेल्या शेवटच्या माणसाचे पुढे काय झाले.

घराकडे वळताना कुणी म्हणेल की तिथे कसला अधिकार आणि कसली किंमत, तिथे तर माया आहे. मायेची अडचण अशी की तिच्यामुळे आपण समोरच्याला ओळखून आहोत असा भरवसा वाढतो, ओळख तेवढी वाढत नाही. केनेथ सॅवित्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नवराबायकोंना आणि अनोळखी लोकांना एकमेकांची दुहेरी अर्थाची वाक्ये समजतात का, हे पाहिले. आपले वाक्य जोडीदाराला बरोबर कळणार असा जोडप्यांना जास्त विश्वास होता. प्रत्यक्षात जोडीदाराला ते अनोळखी माणसापेक्षा जास्त कळले नाही. ‘तिला सांगायला कशाला हवं, तिला माहीत आहे’ या वाक्यावर आपल्याकडचे कित्येक संसार चालतात. त्यात भर पडते अधिकाराची. सहामाहीत गणितात कमी गुण पडलेला मुलगा पेपर दप्तराच्या तळाशी ठेवतो, कारण मागच्या वेळी पेपर दाखवल्यावर काय झाले ते त्याला पाठ आहे. ‘मला खरं सांगत जा, मी रागावणार नाही’ असे वडील सांगतात, आणि खरे सांगितल्यावर रागावतात. मुलाला वडिलांचे वाक्य लक्षात राहत नाही, घडलेले राहते. पुढे हाच मुलगा चाळिशीचा होतो, कर्ज काढून घर घेतो, आणि आता आई-वडील त्याच्यापासून लपवू लागतात : छातीत दुखते ते, पाय घसरला तो, औषध परवडत नाही म्हणून एक गोळी दोन दिवस पुरवली ते. त्याला त्रास नको म्हणून, असे ते म्हणतात. ते खरेही असते. पण ‘तरी मी सांगत होतो, ऐकत नाही तुम्ही’ हे ऐकावे लागू नये, हाही त्यात भाग असतो. अधिकार हात बदलतो आणि किंमत आकारणारा माणूस बदलतो, एवढाच फरक.

म्हणून वाईट बातमी आल्यानंतरचे पहिले वाक्य फार जपून उच्चारावे, असे मला मनापासून वाटते. तपशील, कारणे, चूक कुणाची, हे सगळे नंतर येऊ शकते. पहिल्या वाक्याने पुढची बातमी आपल्यापर्यंत येणार की नाही हे ठरते. ‘बरं झालं सांगितलंस. कधीपासून होतंय?’ एवढे पुरते. राग दाबून गोड बोला असा याचा अर्थ नाही. मुलाच्या खोटेपणाबद्दल किंवा सहकाऱ्याच्या हलगर्जीपणाबद्दल राग येणे रास्त आहे. तो राग कृत्याबद्दल असावा आणि ते कृत्य सांगितल्याबद्दल नसावा, ही दोन्हींमधली रेघ ऐकणाऱ्याने स्वतः आखायची असते, आणि ती समोरच्याला दिसेल अशी आखायची असते.

आता शेवटचा आक्षेप, जो मला सर्वांत अवघड वाटतो. अधिकार असलेल्याने बदलावे हे म्हणणे सोपे. पण त्याला बदलण्याची गरज काय? गप्प माणसे त्याच्या सोयीचीच असतात. हा प्रश्न चांगुलपणावर सोडता येत नाही, म्हणून संस्थांनी नियम केले. शस्त्रक्रियेपूर्वी सगळ्यांनी आपले नाव आणि काम सांगायचे, रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणत्या जागी, हे मोठ्याने म्हणायचे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची यादी आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली गेली. त्यांत दिल्लीचे एक होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेले दिसले. मग कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांनी अशाच याद्या लागू केल्या, आणि २०१४ च्या अभ्यासात मृत्यूंच्या प्रमाणात म्हणावा असा फरक आढळला नाही. याद्या त्याच धर्तीच्या होत्या. या फरकावर पुष्कळ वाद झाला. मला सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे की चौकटीत खुणा करणे आणि सर्जनने मान वर करून नर्सचे ऐकणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वरून आलेल्या हुकमाने पहिली होते, दुसरी होतेच असे नाही. आपल्या कार्यालयांतल्या तक्रारपेट्यांची गतही अशीच आहे. पेटी असते, कुलूप असते, किल्ली ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्या टेबलाच्या खणात असते. नियम हवेतच, पण ते पाळले गेले की नाही हे वरिष्ठाने भरलेल्या कागदावरून न ठरवता कनिष्ठांना विचारून ठरवायला हवे. सहवैमानिकाला किती वेळा बोलावे लागले, परिचारिकेने शेवटचे कधी थांबवले आणि तेव्हा काय झाले, हे विचारावे. बढती देताना माणसाने किती माल काढला याबरोबर, त्याच्या हाताखालच्यांनी त्याला गेल्या वर्षात कोणती वाईट बातमी स्वतःहून आणून दिली, हेही विचारावे. ज्याला एकही सांगता येत नाही, त्याच्या खात्यात वाईट बातमीच नव्हती असे कोण मानील?

आणि प्रशिक्षणावर जो पैसा खर्च होतो तो कुणावर होतो याचा फेरविचार व्हायला हवा. दरवर्षी कंपन्या नव्या भरतीतल्या मुलांना तीन-तीन दिवस हॉटेलच्या सभागृहात बसवून बोलायला शिकवतात. ती मुले परत येतात आणि पहिल्याच आठवड्यात शिकलेले वाक्य वापरून पाहतात. त्या वाक्याला विभागप्रमुख काय उत्तर देतो, यावर तो खर्च सत्कारणी लागला की पाण्यात गेला हे ठरते. तेव्हा पुढच्या वर्षीची पहिली तुकडी विभागप्रमुखांची असावी. अभ्यासक्रमात भाषणकला नसली तरी चालेल, पण नको असलेली बातमी ऐकल्यावर पुढची दोन मिनिटे काय करायचे, याचा सराव मात्र पुन्हा पुन्हा करून घ्यावा.